शेवंताआत्या, तुझ्या अपिलाचा निकाल लागला

आत्ये, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपाट उघडलं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं जाडजूड पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या पानं चाळायला लागले. फोन चालूच होता. पलीकडून तुझी शेजारीण अनुसया "ताई, आयकताय ना? आयकताय ना?" म्हणत होती आणि मी एका हातानं बाविसावा आदेश शोधत होते. खटला चालू असताना पक्षकार मेला तर पुढे काय करायचं, ते त्या आदेशात असतं. मला तो पाठ आहे. तरी डोळ्यांनी बघायचा होता.

तू असतीस तर हसली असतीस. "मी मेले आन ही बुकं बघते!" असं वाडीभर सांगत सुटली असतीस. आणि मग मिश्रीचं बोट दातांवरून फिरवत हळूच विचारलं असतंस, "मग? काय लिवलंय बुकात?"

तेच सांगायला बसलेय. गेले कितीतरी दिवस मी घरात नुसती फिरते आहे. चहा ठेवते आणि विसरते. ऑफिसात अशील समोर बसलेला असतो आणि मी खिडकीतून एसटी स्टँडकडे बघते, कारण तारखेच्या दिवशी तू तिकडूनच यायचीस, डोक्यावर पदर, काखेत पिशवी, आणि लांबूनच माझ्या नावानं हाक. महाडच्या बाजारात इतक्या मोठ्यानं मला दुसरं कोणी हाक मारत नाही. वकीलीणबाईंना सगळे बेतानं बोलवतात.

ज्या वाटेसाठी तू कोर्टात गेलीस ती वाट कसली, नुसता बांध होता तो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तुझी वाडी, वाडीच्या खाली महादूकाकाची जमीन, आणि तिच्या पलीकडे उतारावर तुझं भाताचं खाचर. मधून जायचं ते महादूकाकाच्या बांधावरून. डोक्यावर भारा घेऊन एक बाई चालेल एवढीच ती रुंदी. लावणीच्या दिवसांत बाबा मला तुझ्याकडे आणून सोडायचे तेव्हा तू माझ्या हातात न्याहारीचं फडकं द्यायचीस आणि स्वतः इरलं पांघरून पुढे चालायचीस. मला घसरायची भीती. तू मागे वळून न बघता म्हणायचीस, "पाय बघू नको गो, माझी पाठ बघ." मी तुझी पाठ बघत चालायचे. पडले कधीच नाही.

महादूकाका तुझा चुलत दीर. वाईट माणूस नव्हे, हे तूही म्हणायचीस, फक्त माझ्यासमोर आणि तेही आवाज खाली करून. त्यानं काजूची कलमं लावली, गुरं शिरतात म्हणून तार ओढली, आणि बांध तारेच्या आत गेला. तू विचारायला गेलीस तेव्हा तो म्हणाला, "वैनी, तू विचारून जा. मी काय नाय म्हणणार हाय का?" तू म्हणालीस, "आजवर कोण विचारून गेलं?" त्यावरून तोंडातोंडी झाली. त्या पावसात तू ओहोळातून गेलीस. शेवाळावरून पाय सरकला, मनगट मोडलं. गळ्यात हात बांधून तू माझ्या ऑफिसात आलीस, खुर्चीवर बसलीस, पाणीही घेतलं नाहीस.

"वंदे, दावा लाव."

"आत्ये, घरातल्या घरात..."

"लाव म्हणते ना."

मी तेव्हा नवी होते. भाडेकरूंच्या नोटिसा आणि वारसाचे दाखले, एवढीच माझी वकिली. तुझ्या दाव्यानं मला वकील केलं हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू फी कमी करायला लावली असतीस असं मी मनाशीच गमतीत म्हणायचे. खरं म्हणजे फीचा विषय आपल्यात कधी निघालाच नाही. तू वालाच्या शेंगा आणायचीस, नाचणीचं पीठ आणायचीस आणि ऑफिसातल्या टेबलावर मोकळं करायचीस. फायलींना आजही पिठाचा वास येतो.

महादूकाकाचा उलटतपास मी घेतला तो दिवस तुला आठवत असेल. तो पिंजऱ्यात उभा होता, धुवट टोपी घालून. मी विचारलं, "तुमचा भाऊ, म्हणजे वादीचे पती, आजारी पडले तेव्हा त्यांना घरी कसं आणलं?"

"डोलीतून."

"ते तेव्हा खाचरात होते. तिथून वाडीपर्यंत कुठल्या वाटेनं आणलं?"

त्यानं तुझ्याकडे पाहिलं. त्याच्या वकिलाकडे पाहायला हवं होतं, पण पाहिलं तुझ्याकडे. "ह्याच."

"डोलीला खांदा कोणी दिला होता?"

"मी."

मी खाली बसले. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग त्याचा वकील उठला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं की ते सगळं त्याच्या परवानगीनं झालं, माणुसकी म्हणून. वहिवाटीच्या कायद्यात सगळा खेळ परवानगी ह्या एका शब्दावर असतो. वर्षानुवर्षं कुणालाही न विचारता गेलात तर वाट तुमची. दुसऱ्याच्या मेहेरबानीनं गेलात तर कितीही वर्षं जा, ती त्याचीच. बाहेर आल्यावर मी तुला हे समजावलं. तू पिशवी काखेत सारलीस. मग म्हणालीस, "डोली उचलताना परवानगी कोण मागतो गो?"

खालच्या कोर्टात आपण हरलो. ओहोळाची दुसरी वाट आहे, बांधावरून जाणं मेहेरबानीनं होतं, दावा नामंजूर. मी खचले. तू नाही खचलीस, कारण मी तुला पुढचं सांगितलं होतं. आपण अपील करू. आणि पहिलं अपील म्हणजे साधी गोष्ट नाही आत्ये, मी हात हलवून हलवून सांगत होते. पहिल्या अपिलात कोर्टाला सगळा पुरावा नव्यानं वाचावा लागतो. साक्षीदार काय बोलले, कोर्टाच्या कमिशनरनं जागेवर जाऊन काय नकाशा काढला, सगळं. निकालात मुद्दे काढावे लागतात. एकेका मुद्द्यावर काय ठरवलं आणि का ठरवलं, ते लिहावं लागतं. तसा नियमच आहे.

"म्हणजे ते डोलीचं वाचतील?"

"वाचावंच लागतं."

हे मी बोलले. तोंड भरून बोलले.

त्या अपिलाचा निकाल मी तुझ्या हातात दिला तेव्हा तू कापड बघतात तसा तो दोन बोटांत धरून चाचपलास. पातळ होता. पक्षकारांची नावं, खटल्याची हकीकत, आणि शेवटी एवढंच, की रेकॉर्ड पाहिलं, खालच्या कोर्टाचे निष्कर्ष योग्य आहेत, हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही. मुद्दे नाहीत. डोली नाही. कमिशनरच्या नकाशात बांधावर झिजलेल्या दगडी पायऱ्या दाखवल्या होत्या, त्यांचं नावही नाही.

"एवढंच?"

"एवढंच आत्ये."

"हरवलं ते हरवलं. पण माझं काय चुकलं ते तरी लिवायचं व्हतं."

मला वाटतं त्या दिवसापासून तुझा महादूकाकाशी असलेला वाद मागे पडला. त्यानंतर तू भांडलीस ती कोर्टाशी. आणि कोर्ट म्हणजे तुझ्या दृष्टीनं मी.

मुंबईला उच्च न्यायालयात दुसरं अपील केलं. तिथं पुरावा पुन्हा तोलत नाहीत, कायद्याचा प्रश्न असला तरच ऐकतात. आपला प्रश्न सरळ होता. पहिल्या अपिलाच्या कोर्टानं मुद्दे काढले नाहीत, पुरावा चर्चेला घेतला नाही, कारणं दिली नाहीत, तर त्या निकालाला निकाल म्हणायचं का? वर्षं गेली. तुझ्या मुलाचं, संतोषचं लग्न झालं, त्याची मुलगी शाळेत जायला लागली, आणि एक दिवस आपला नंबर लागला. न्यायमूर्तींनी सांगितलं की वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर पहिलं अपील हा शेवटचा मुक्काम असतो, त्यामुळे तिथल्या कोर्टानं पुरावा स्वतः तोलायलाच हवा आणि हरणाऱ्यालाही कळेल अशी कारणं द्यायला हवीत. निकाल रद्द. प्रकरण परत खाली, फेरसुनावणीसाठी.

मी पेढे घेऊन वाडीत आले. माझ्या वकिलीतला तो सगळ्यात मोठा दिवस होता. तू ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होतीस. मी पेढा पुढे केला.

"जिंकलो?"

"म्हणजे... निकाल रद्द झाला त्यांचा."

"वाट मिळाली?"

"नाही. परत अपिलाच्या कोर्टात ऐकतील. नव्यानं."

तू सूप खाली ठेवलंस. "मग पेढा कशाचा?"

"आत्ये, हे यश आहे. रिमांड, म्हणजे फेरसुनावणी मिळणं सोपं नसतं."

"करपलेली भाकरी टाकून दिलीस, परत पीठ मळायला बसवलंस, आन वर पेढा देतेस?" तुझा आवाज चढत गेला. "त्यांनी येकदा नीट वाचायचं व्हतं. वाचलं नाय. चूक त्यांची आन परत हेलपाटे माझे? तुमच्या कोर्टाला येक कागद वाचायला माणसाचा जलम लागतो काय गो?"

मीही भडकले. म्हटलं, मग सोडून दे ना. जा महादूकाकाला विचार आणि जा बांधावरून, तो नाही म्हणत नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला माझंच बोलणं ऐकू आलं. "इचारलं की ती वाट त्याची झाली," तू म्हणालीस. "तूच शिकवलंस मला." आणि उठून आत गेलीस. मी पेढ्यांचा पुडा तुझ्या कोनाड्यात ठेवला आणि परत आले.

ते भांडण आपण कधी संपवलं नाही. मी मनात अजून उत्तरं तयार करते. कधी म्हणते, आत्ये, कोर्टही माणसंच चालवतात, फायलींचे ढीग असतात. मग मीच म्हणते, असू देत, पण तिचं मनगट त्या ढिगात कुठं होतं? कधी म्हणते, चूक सुधारणारं वरचं कोर्ट होतं हे काय कमी आहे? मग तुझा पेढा न घेतलेला हात दिसतो. तुझं काही अंशी चुकतच होतं. रिमांड नसता तर तो पातळ कागद कायमचा राहिला असता. पण तुझं बरोबर होतं तेही इतकं बरोबर होतं की मला आजवर त्याच्यापुढे जाता आलेलं नाही.

पुढे बरेच दिवस तू आली नाहीस. मग एका सोमवारी नेहमीसारखी आलीस, वालाच्या शेंगा टेबलावर ओतल्यास, खुर्ची ओढलीस. "तारीख कधी हाय?" बस, एवढंच.

फेरसुनावणीचा शेवटचा दिवस मार्चमध्ये आला. चवदार तळ्याकडे माणसांचा पूर लोटला होता आणि एसटी बऱ्याच अलीकडे थांबवत होते. तू त्या गर्दीतून चालत आलीस. मी तुला शोधत आले तेव्हा तू रस्त्याच्या कडेला विदर्भातून आलेल्या एका बाईशेजारी बसून तिच्या बाटलीतलं पाणी पीत होतीस. ती तुला विचारत होती, "तुम्ही कुठून आलात माय?"

"मी इथलीच. कोर्टात चालले. वाटेसाठी."

"भेटली का वाट?"

"अजून नाय."

"भेटंल," ती बाई म्हणाली, आणि निघताना तिनं तुझ्या गालावरून हात फिरवला. पुढे अपिलाच्या कोर्टाच्या गावी जाणाऱ्या बसमध्ये तू रस्ताभर तिच्याबद्दलच बोलत होतीस. दोन दिवस गाडीतून आली होती, लेकराला खांद्यावर घेऊन. तुला तुझ्या हेलपाट्यांची थोडी लाज वाटली होती, असं मला वाटलं. तू तसं म्हणाली नाहीस.

कोर्टात न्यायाधीश नव्या होत्या. माझा युक्तिवाद झाला, महादूकाकाच्या वकिलांचा सुरू झाला. ते मेहेरबानीच्या मुद्द्यावर आले तेव्हा बाईंनी हात वर केला. "थांबा. प्रतिवादीनं उलटतपासात डोलीबद्दल सांगितलंय. ती परवानगी कुणी, कधी, कुणाकडून मागितली, ते पुराव्यात कुठं आहे?" वकील कागद उलटत राहिले. "आणि हा कमिशनरचा नकाशा. पायऱ्या झिजल्यात. ह्या कुणाच्या पायांनी झिजल्या?"

मी मागे पाहिलं. तू शेवटच्या बाकावर होतीस. तू पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होतीस, मोडलेल्या हातानंसुद्धा. महादूकाका दुसऱ्या टोकाला बसला होता, मान खाली घालून. निकाल राखून ठेवला गेला.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीची जागा धरलीस. फार उशिरा, खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आज कुणीतरी वाचलं गो."  मी तुझा हात धरणार, तेवढ्यात तू वळलीस. "पण हरले तर परत वर जायचं. सांगून ठेवते."

आणि मग अनुसयाचा फोन.

तू खाचरात गेली होतीस, एकटीच, ओहोळातून. काम करता करता बसलीस आणि उठली नाहीस. अनुसयाच्या नवऱ्यानं पाहिलं. माणसं गोळा झाली. तुला वर आणायचं होतं, आणि बांधावर तार होती. कोर्टात चाललंय, हात लावू नका, असं कुणीतरी म्हणालं. तुला ओहोळातून आणलं आत्ये. दगडांवरून, हातांवर झेलत. मी पोचले तेव्हा तुझा पदर ओलाचिंब होता. मला दुसरं काही दिसत नव्हतं, तो ओला पदर दिसत होता.

संतोष मुंबईहून आला. लिफ्टच्या कंपनीत काम करतो, रजा मोजूनच मिळते. दिवसकार्य झाल्यावर तो मला म्हणाला, "ताई, आता काढून घे ते. आई होती तोवर ठीक होतं. मी खाचर विकून टाकणार. कुणाची वाट आणि कसलं काय."

"निकाल राखून ठेवलाय संतोष."

"आई नाही तर निकाल कुणाला?"

तेव्हा मी त्याला ते सांगितलं जे मी फोन चालू असताना पुस्तकात शोधलं होतं. सुनावणी चालू असताना पक्षकार गेला तर वारसांना रेकॉर्डवर आणावं लागतं, नाही आणलं तर अपील संपतं. पण दोन्ही बाजूंचं ऐकून झालेलं असेल आणि फक्त निकाल सांगायचा राहिला असेल, तर मरणानं काही अडत नाही. निकाल सांगता येतो. माणूस जिवंत असताना सांगितल्यासारखाच तो धरला जातो. संतोषनं विचारलं, "म्हणजे आई अजून केसमध्ये आहे?"

"आहे."

त्यानं पुढे विषय काढला नाही. 

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निकालाचा दिवस लागला. शिपायानं दारात येऊन पुकारा केला, तुझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत. मी उठले.  महादूकाकाच्या वकिलांनी सांगितलं की अपीलकर्ती मयत आहे, वारस आधी रेकॉर्डवर यावेत. मी नियम वाचून दाखवला. बाईंनी मान हलवली. "युक्तिवाद पूर्ण झालेत. अडचण नाही." आणि त्यांनी निकाल सांगितला.

अपील अंशतः मंजूर. बांधावरून पायी, भारा घेऊन आणि गुरं घेऊन जायची वहिवाट तुझ्या जमिनीला आहे. तेवढ्या भागातली तार काढायची. पिकाचं नुकसान झालं म्हणून आपण मागितलेली भरपाई नामंजूर, कारण नुकसान किती झालं त्याचा पुरावा आपण दिला नव्हता. आत्ये, त्यावरही त्यांनी एक पूर्ण परिच्छेद लिहिलाय. तू जिथं हरलीस तिथं का हरलीस, ते लिहिलंय. चूक माझी होती, वकिलाची. मला ते वाचून लाज वाटायला हवी होती. मला तुला हाक मारावीशी वाटली.

निकालाची प्रत मिळाली आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी महादूकाका माझ्या ऑफिसात आला. एकटा. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"वाचून दाखव."

"काका, मी तुमच्या विरुद्ध बाजूची वकील आहे. तुमच्या वकिलांकडे..."

"तो लगेच वरच्या अपिलाचं बोलतो. मला सल्ला नको बाय. डोळ्यांत मोती आलेत, दिसत नाय. नुसतं वाच."

निकाल मराठीत होता. मी त्याला बसवलं आणि वाचायला लागले. मुद्दे. मग एकेका मुद्द्याखाली तुझी साक्ष, अनुसयाच्या सासऱ्यांची साक्ष, नकाशा. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. मी डोलीपाशी आले. प्रतिवादीनं स्वतः कबूल केलं आहे की आजारी भावाला त्यानं ह्याच वाटेनं आणलं आणि स्वतः खांदा दिला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"हे बरोबर लिवलंय," तो म्हणाला.

पुढे त्याच्या परवानगीच्या म्हणण्यावर विश्वास का ठेवता येत नाही, ते होतं. नीट लिहिलं होतं, त्याला कुठंही खोटारडा न म्हणता. परवानगी मागितल्याचा एकही प्रसंग त्याला सांगता आला नाही. आणि इतकी वर्षं अख्खी वाडी ज्या बांधावरून गेली, तिथं एकट्या त्या दिवसाला मेहेरबानी म्हणता येत नाही. मला वाटलं तो उठेल. तो उठला नाही. पानं संपेपर्यंत बसला.

मग म्हणाला, "त्या दिवशी मी पक्कड घेऊन निघालो व्हतो. वैनीला आणायची व्हती तवा. वकील बोललेला, निकाल लागंपतूर तारेला हात लावायचा नाय. मी तिथंच हुबा राह्यलो." त्याच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. "वैनीला ओहोळातून आणलं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. इतके दिवस मी ते ओरडणं घेऊन फिरत होते. तो समोर होता आणि ते येईना. मी विचारलं, "काका, पुढे अपील करणार?"

"कशाला? माझं सगळं लिवलंय की त्यात. वैनीचंबी लिवलंय." तो काठी टेकत उठला. "तिनं आयकायला पायजे व्हतं."

हो ना. तिनं ऐकायला हवं होतं. ह्याचाच मला राग आहे आत्ये, आणि तो कमी होत नाही. तुझ्यासाठी लिहिलेली कारणं आधी त्यानं ऐकली. ज्यानं तार ओढली त्याला उत्तर मिळालं, आणि ज्या बाईनं ते मागितलं तिला नाही. पहिल्याच वेळी कुणी वाचलं असतं तर तू ओटीवर बसून ऐकलं असतंस, मध्येच थांबवलं असतंस, भरपाई नाकारलेल्या परिच्छेदाला मला शिव्या घातल्या असत्यास. ह्या जन्मात मला तेवढं एक ऐकायचं होतं. आणि तरी, आत्ये, मला तुझे आभारही मानायचे आहेत. तू मध्येच कुठं "जाऊ दे" म्हणाली असतीस तर हे कुणी लिहिलंच नसतं. हल्ली मी कुठल्याही अपिलात उभी राहिले की आधी मुद्दे कागदावर मांडून कोर्टापुढे ठेवते. न्यायाधीश कधी वैतागतात. मी ठेवतेच.

मागच्या आठवड्यात वाडीत आले. महादूकाका आणि संतोष तार काढत होते, एकजण एका टोकाला, दुसरा दुसऱ्या.  तारेचं वेटोळं झालं तेव्हा काकानं ते उचलून तुझ्या अंगणात आणून टाकलं.

"मला काय करायची ही?" संतोषनं विचारलं.

"काकडीला मांडव घाल. तुझी आय दर साली घालायची."

संतोषनं वेटोळ्याला पायानं हलवून पाहिलं. "विकायचं ते गणपतीनंतर बघू," तो मला म्हणाला आणि मांडवाला मेढी शोधायला परसात गेला.

मी बांधावरून एकटीच खाली गेले. पाठ बघायला पुढे कुणी नव्हतं, म्हणून पाय बघत गेले. खाचरात तुझा राब, पेरणीआधी जाळून जमीन भाजायचा तो थर, अर्धाच पसरलेला होता. शेण झालं होतं, तोडलेल्या फांद्यांची कवळं झाली होती, आणि वरचा वाळक्या पानांचा पातेरा तू जिथं बसलीस तिथपर्यंत. पुढची जमीन उघडी. पातेऱ्याचा ढीग आणि तुझी पाटी बांधाला तशीच होती. मी पदर खोचला आणि पाटी भरून पसरायला लागले. मला जमत नव्हतं. एका जागी थर जाड होई, दुसरीकडे विरळ. वारा आला की निम्मा उडून जाई.

वरून महादूकाका ओरडला, "अगो, वर माती टाक! माती टाकल्याबिगर राहील कसा?"

मी माती टाकली.